आत्मसन्मानाच्या गुणांवरून श्रवणतज्ज्ञ ठरत नाही : एक खुलासा

आत्मसन्मानाच्या चाचणीत कमी गुण मिळवणारा विद्यार्थी रुग्णासमोर कधीच आत्मविश्वासाने उभा राहू शकणार नाही, म्हणून त्याने श्रवणशास्त्राचा अभ्यासक्रम वेळीच सोडावा, असा दावा विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे आणि त्यामुळे चांगल्या विद्यार्थ्यांची उमेद खचते.

समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलेली आत्मसन्मानाची १० विधानांची मोजपट्टी माणसाला स्वतःबद्दल एकंदरीत काय वाटते, एवढेच विचारते. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल हा विश्वास त्याहून वेगळा असून, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडल्याप्रमाणे तो प्रामुख्याने ते काम प्रत्यक्ष पार पाडल्याच्या अनुभवातून येतो.

मास्किंगचेच, म्हणजे एका कानाची श्रवणचाचणी घेताना दुसऱ्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवण्याचे, उदाहरण घ्या. दोन्ही कानांच्या श्रवणक्षमतेत मोठा फरक असेल, तर अधू कानाला दिलेला मोठा स्वर कवटीच्या हाडांतून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत पोहोचतो आणि रुग्ण तिकडूनच ऐकून बटण दाबतो. हे ओळखून चांगल्या कानात किती पातळीचा गोंगाट सोडायचा, हे ठरवताना नवखा विद्यार्थी अडखळणारच. तेवढ्यावरून त्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. पुरेशा सरावाआधीच आलेली निःशंकता मला अधिक धोक्याची वाटते, कारण श्रवणाची पातळी चुकीची नोंदली गेली की श्रवणयंत्राची जुळणीही चुकते.

अर्थात, आत्मसन्मान आणि काम जमण्याचा विश्वास या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीच संबंध नाही, असे नव्हे. स्वतःला सतत कमी लेखणारा विद्यार्थी शंका विचारायला कचरतो आणि त्याचा सराव मागे पडतो. अशा वेळी कोणती पायरी बरोबर झाली आणि कोणती सुटली, हे मार्गदर्शकाने चाचणी संपताच त्याला नेमकेपणाने सांगितले पाहिजे.