लेन्सच्या आधी पंचांग

नोव्हेंबर उलटला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येऊ लागतो. फ्लेमिंगो कुठे दिसतील आणि कोणती लेन्स घेऊ?

लेन्सचं नंतर बघू. घरी भिंतीवर कालनिर्णय आहे ना? आधी आजची तिथी बघा.

ठाण्याच्या खाडीत पक्षी कुठे असणार हे पाणी ठरवतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, त्यावर उतरतात आणि वाकडी चोच उलटी धरून शेवाळ गाळून खात बसतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो. मग थव्यांना टेकायला उथळ जागा हवी, म्हणून ते नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या बाजूला येतात. डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव, टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीलगतची तळी. ओहोटीला तळ्यावर जाऊन ‘एकही पक्षी नाही, सगळी अफवा’ अशी पोस्ट टाकणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं.

वेळेचं गणित कोळीवाड्यात शाळकरी पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. थोडं मागेपुढे होतं, पण रविवार फुकट जात नाही. तळ्यावर फोटो काढायचे तर दशमी-एकादशीची सकाळ गाठा. कोवळं ऊन असतं आणि थवे पाण्याबरोबर आत आलेले असतात. ऐरोलीच्या बाजूने चिखलावरचे पक्षी हवे असतील तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची सकाळ. पहाटे पाणी तळाला गेलेलं असतं, मग चढू लागतं आणि पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलत आणतं. सूर्य तुमच्या पाठीशी असतो. भांडुपच्या काठावर उलटं, तिथे संध्याकाळ बरी. साडेनऊ-दहानंतर चिखलावरून हवा थरथरायला लागते, त्यानंतर सहाशे मिलिमीटरची लेन्सही काही करू शकत नाही.

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळं आहे. ज्याला भरती-ओहोटी कळते तो पक्षी उडवत नाही. त्याला माहीत असतं की पाणी आपोआप थवा जवळ आणणार आहे. ज्याला कळत नाही तो टाळ्या वाजवतो, बांधावरून चिखलात उतरतो, ड्रोन काढतो. एकदा पक्षी बघायच्या होडीत एक ताई नाखव्याला म्हणाल्या होत्या, ‘दादा, जरा हॉर्न द्या ना, सगळे एकदम उडतील.’ नाखव्याने मुकाट्याने इंजिनच बंद केलं. मला तो माणूस त्या होडीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा मोठा पक्षीनिरीक्षक वाटला. चिखल उघडा असतो तेवढे तासच पोट भरायचे. त्यातला वेळ आपण फ्लाइट शॉटसाठी खायचा, तोही एप्रिल-मेमध्ये, परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायच्या दिवसांत?

आणि एडिटिंगबद्दल बोलतोच. धाकट्या रोहितचा रंग शेवाळातल्या रंगद्रव्यांतून येतो, त्याची चोच गडद लाल असते. मोठा रोहित बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि टोक काळं. पिल्लं तर मळकट करडी. सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढून सगळ्यांना एकाच रंगात बुडवलं की कोण कुठला, कोण लहान, हे फोटोतून पुसलंच जातं. करड्या पिल्लांना फ्रेमबाहेर काढणाऱ्यांचं तर मला कधीच पटलेलं नाही. त्यांच्याच पायाशी छोटा टिलवा धावत असतो. मूठभर पक्षी, वजन जेमतेम तीस ग्रॅम, उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून आलेला. त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. शेकाट्या, उचाट्या, कोरल या पाणथळीतल्या बाकीच्या पक्ष्यांचंही तेच.

आता मुद्दा तळ्यांचा. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं. छान झालं. पण ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान. भरतीला पक्षी जिथे येतात ती सीवूड्सची तळी त्या हद्दीत नाहीत. म्हणजे ताट संरक्षित आणि अंथरूण उघड्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मेले तेव्हा तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. तळं सुकलं की थवे दुसरीकडे जागा शोधतात, तीही अंधारात, दिव्यांच्या आणि विमानांच्या शहरात. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. बाकीच्या तळ्यांचं काय? पाम बीच रोडला गुलाबी पुतळे आणि भिंतींवर गुलाबी चित्रं हवीत, मग पाण्याची एक मोरी मोकळी ठेवायला इतकं जड का जातं?

इथे आपले कॅमेरे खरोखर कामाला येतील. तळ्यावर जाल तेव्हा पक्ष्यांबरोबर पाणी आत येण्याच्या तोंडाचाही एक फोटो काढा, भरती पूर्ण असताना. तारीख, वेळ आणि तिथी लिहून ठेवा. तोंडाशी भराव, राडारोडा किंवा पाणी अडवणारी झडप दिसली तर तेही. त्या फोटोला लाइक मिळणार नाहीत. मात्र ‘इथे पाणी येतच नव्हतं’ असं पुढे कुणी म्हणालं तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल. मी माझे एका फोल्डरमध्ये ठेवतोय. तुमच्याकडे जुने असतील तर पाठवा, धूसर असले तरी चालतील.