शनिवारवाड्यात पौर्णिमेला कोणी ओरडत नाही

गणपती जवळ आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सारांश असा : ‘पुण्याच्या शनिवारवाड्यात दर पौर्णिमेच्या रात्री नारायणराव पेशव्यांचा आत्मा “काका, मला वाचवा” असं ओरडत धावतो. लोकांनी स्वतः ऐकलंय. म्हणूनच सरकारने संध्याकाळनंतर आत जायला बंदी केली आहे. पुढे शापामुळेच वाडा जळाला.’ खाली महाराष्ट्रातल्या ‘झपाटलेल्या’ जागांची यादी असते आणि रात्री भेट द्या, असा आग्रह. यातला एकेक दावा घेऊ.

आधी पौर्णिमा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वार सोमवार, वेळ दुपारची. वाड्यात गणेशोत्सव चालू होता, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. म्हणजे ना पौर्णिमा होती, ना अमावास्या (काही मजकुरांत अमावास्या असते), ना रात्र. हा गुन्हा नोकरचाकर, ब्राह्मण, दासी यांनी गजबजलेल्या वाड्यात भर दिवसा घडला. यातली खरी भीषणता हीच आहे, आणि चांदण्यातली गोष्ट तीच पुसून टाकते.

दुसरा दावा बंदीचा, आणि सगळ्यात जास्त माणसं यालाच फसतात. शनिवारवाडा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशी स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त उघडी ठेवावीत, असा १९५९च्या नियमांतच उल्लेख आहे. काही मोजके अपवाद सोडले तर देशभर हेच चालतं; संध्याकाळी कार्ल्याची लेणीही बंद होतात, तिथे कोणी भूत शोधत नाही. राजस्थानातल्या भानगढ किल्ल्याबाहेरच्या फलकाचा फोटो असाच पुरावा म्हणून फिरवला जातो. त्या फलकावर सूर्यास्तानंतर प्रवेश वर्ज्य असल्याचं लिहिलंय, गुरं चारू नयेत असं लिहिलंय, केवड्याच्या झाडांना इजा करू नये असंही लिहिलंय. भुताबद्दल एक अक्षर नाही. आणि शनिवारवाड्याबद्दल सांगायचं तर अंधार पडल्यावर याच वाड्यात प्रकाश-ध्वनी कार्यक्रम होत असे. तिकीट काढून, मुलाबाळांना घेऊन लोक तिथे बसत. भुताच्या धाकाने बंद ठेवलेल्या जागी कोणी असा कार्यक्रम ठेवला असता का?

‘लोकांनी स्वतः ऐकलंय.’ हा वाडा ओसाड रानात नाही. समोरून शिवाजी रस्ता जातो, लाल महाल आणि कसबा गणपती हाकेच्या अंतरावर आहेत. रात्री उशिरापर्यंत रिक्षा, दुचाकी, गप्पा, कुत्री, सगळं चालू असतं. तटाबाहेर उभं राहून जो नेमकी तीच हाक ऐकायला कान टवकारतो, त्याला ती ऐकू येण्याची शक्यता फार मोठी असते. अस्पष्ट आवाजातून मन ओळखीचे शब्द जुळवतं. त्यात खोटेपणा नाही, पण तो पुरावाही नाही. ही हाक ज्याला माहीत नाही असा परगावचा माणूस तिथे उभा राहिला तर त्याला काय ऐकू येईल, हे कोणी तपासून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शापाचं थोडक्यात. फेब्रुवारी १८२८ मध्ये मोठी आग लागली आणि वाड्याचे इमले गेले. ते इमले मुख्यतः लाकडी होते. सागवानी खांब, तुळया, तक्तपोशी. अशा इमारतीला आग लागायला शाप लागत नाही. शिवाय तोवर पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती आणि वाडा इंग्रजांच्या ताब्यात होता. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. नारायणराव ज्या दालनांतून धावले, ती दालनंच उरलेली नाहीत.

‘अंत्यसंस्कार झाले नाहीत, तुकडे करून नदीत टाकलं, म्हणून आत्मा भटकतो,’ असंही जोडलं जातं. मुठेच्या काठी त्यांचं दहन झालं होतं. मृतदेह ज्या दरवाजातून बाहेर नेला, तो पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखला जाऊ लागला.

एक गोष्ट मात्र विरोधी बाजूने मांडायला हवी, कारण ती जुनी आहे. नारायणरावांच्या पिशाच्चाची धास्ती दुसऱ्या बाजीरावांनी घेतली होती आणि त्याच्या शांतीसाठी त्यांनी पुण्याभोवती आंब्याची हजारो झाडं लावली, अशी कथा सांगतात. पण दुसरे बाजीराव कोण? नारायणरावांचे काका, ज्या रघुनाथरावांवर खुनाचा ठपका आला, त्यांचे चिरंजीव, खुनानंतर दीड वर्षाच्या आत जन्मलेले. बापाच्या कृत्याचं ओझं मुलाने आयुष्यभर वाहिलं, एवढं त्या कथेतून नक्की कळतं. भूत होतं, हे कळत नाही.

आता मला खरं सलतं ते. त्या दिवशी एकटे नारायणराव मेले नाहीत. अर्ध्या तासात अकरा जणांचा बळी गेला, त्यांत दासीही होत्या. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला मध्ये पडला आणि गारद्यांच्या, म्हणजे पगारी शिपायांच्या, तलवारीखाली गेला. चाफाजींचं भूत कुठल्याच यादीत नाही. नारायणरावांचे चिरंजीव सवाई माधवराव १७९५ साली याच वाड्याच्या माडीवरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी, एकविसाव्या वर्षी, वारले, त्यांचंही नाही. कारण त्यांच्या वाट्याला तोंडात बसेल असं एक वाक्य आलं नाही. आत्मे मरणाच्या यातनेने भटकत असते तर हे सगळेच भटकले असते. टिकतं ते नाट्यमय वाक्य.

आणि खुनानंतर जे घडलं, ते तर गोष्टीतून पार गळून जातं. गारद्यांनी थकलेल्या पगाराचा बहाणा केला होता. सुमेरसिंग, खरगसिंग, तुळाजी पवार ही मारेकऱ्यांची नावं समोर होती. पण पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवून, याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असं तोंडावर सांगितलं आणि ते पुण्यातून निघून गेले. रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं; १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. सत्ताधीशाला खुनी म्हणणारा न्यायाधीश या शहरात होता, आणि त्याच शहरातली मुलं आज वाड्याबद्दल फक्त किंकाळी सांगतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘पण यात बिघडलं काय? लोक येतात तरी.’ रात्री येतात, तटाला मोबाइल लावून उभे राहतात, कोणी भिंत चढू पाहतं, पहारेकऱ्यांशी हुज्जत घालतं. संरक्षित स्मारकात वेळेबाहेर घुसणं हा गुन्हा आहे आणि पडक्या जोत्यांवरून अंधारात चालताना पाय मोडायला भुताची गरज नसते. यायचंच असेल तर भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला या, दुपारी एकच्या सुमारास. दिल्ली दरवाजातून आत शिरा, जोत्यांवरून फिरा, नारायण दरवाजाशी थोडं थांबा. बरोबर गाइड असेल तर त्याला चाफाजी टिळेकरांबद्दल विचारा.