'नवीन बिल्डिंगा थांबवा, ट्रॅफिक सुटेल' : बाणेर-बालेवाडीत फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

मंडळी, तो मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीत नवीन टॉवरना परवानग्या देणं ताबडतोब बंद करा, बाणेर रोडची वाट या नवीन लोकांनी लावली, आधी रस्ते रुंद करा फ्लायओव्हर बांधा मग घरं बांधा, प्रत्येक फ्लॅटला दोन पार्किंग सक्तीची करा, आणि शेवटी सह्या करा म्हणून आवाहन. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी सही केलीय, चांगली माणसं आहेत, रोज ऑफिसला जाताना हायवेजवळच्या राधा चौकात अडकतात, त्यांचा राग मला कळतो कारण मीही तिथंच अडकतो. पण मी सही केलेली नाही. का नाही ते नीट सांगतो, कारण या मेसेजमुळे आपण ज्याला पकडतोय त्याचा दोष फार थोडा आहे आणि ज्यांना जाब विचारायला हवा ते मजेत सुटतायत.

पहिला दावा हिशोबाचा आहे. एका टॉवरमध्ये 400 फ्लॅट, प्रत्येकी दोन गाड्या, म्हणजे सकाळी नऊला 800 गाड्या रस्त्यावर. ऐकायला बरोबर वाटतं. पण आपल्याच सोसायटीचं पार्किंग सकाळी साडेदहाला खाली जाऊन बघा ना, किती गाड्या जागेवरच उभ्या असतात. कुणी घरून काम करतं, कुणाची शिफ्ट दुपारची, कुणाकडे निवृत्त आईवडील, कुणाची दुसरी गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, आणि जे निघतात त्यातले निम्मे हिंजवडीकडे जातात तर निम्मे शिवाजीनगरकडे. बरं, हा हिशोब सोडून देऊ, समजा 300 गाड्या निघाल्या. मेसेज लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही की तो टॉवर झाला नाही तर ती 400 कुटुंबं जातात कुठं? ती नोकरीसाठी पुण्यात आलेली आहेत, नोकरी हिंजवडीला नाहीतर शिवाजीनगर, बाणेरला आहे, ती काही गावी परत जाणार नाहीत. इथं घर मिळालं नाही किंवा परवडलं नाही तर मारुंजी, रावेत, सूसच्या पलीकडे, म्हाळुंग्याच्या पलीकडे घेतील. आणि मग सकाळी कुठल्या रस्त्याने येतील? याच. फरक एवढाच की इथं राहिले असते तर चार-पाच किलोमीटर गाडी चालवली असती, आता पंधरा चालवतील, आणि इथून कदाचित बसने किंवा स्कूटरने गेले असते ते तिकडून बस नाही म्हणून कारच काढतील. म्हणजे आपण घर अडवलं, गाडी अडवलीच नाही, उलट ती जास्त वेळ रस्त्यावर ठेवली.

दुसरा दावा, बाणेर रोडवरची गर्दी ही इथल्याच वाढलेल्या लोकांची. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण खरं दुखणं इथंच आहे.

बाणेर रोड हा आपला गल्लीतला रस्ता नाहीच. एका टोकाला मुंबई-बेंगळुरू हायवे आणि त्यापुढे म्हाळुंगे, हिंजवडी, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ चौक आणि गणेशखिंड रोड, आणि मधे आपण. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीने उभं केलं, लाखो लोकांना तिथं नोकऱ्या मिळाल्या, त्याबद्दल तक्रार नाही, पण तिथं जायला जे मोजके रस्ते आहेत त्यातला एक आपल्या दारातून जातो. त्यात जुलै 2020 मध्ये विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर पाडला, मेट्रोच्या लाइनमध्ये येत होता म्हणून. तो बांधून पंधरा वर्षांच्या आसपासच झाली होती! मग पुढची कित्येक वर्षं मेट्रोचे खांब, बॅरिकेड, निम्मा रस्ता बंद. या काळात बाणेर रोडवर गर्दी वाढली तर त्याचं खापर नवीन फ्लॅट घेणाऱ्यावर कसं फोडता?

आणि बालेवाडी-वाकड पुलाचं काय? मुळा नदीवर पूल बांधून उभा राहिला आणि जोडरस्त्याची जमीन ताब्यात नाही म्हणून वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला. तो चालू असता तर वाकडला जाणाऱ्या माणसाला हायवेवर जाऊन राधा चौकात रांग लावायची गरजच नव्हती. एक नदी, अलीकडे पुणे महापालिका, पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पैसे खर्च झालेले, आणि शेवटचा तुकडा कुणी जोडत नाही. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, कागदावर असलेले असे अर्धवट रस्ते पुण्यात जागोजागी आहेत, महापालिका स्वतःच त्यांना 'मिसिंग लिंक' म्हणते. आपल्या भागात तर असा रस्ता सरळ येतो येतो आणि एका पत्र्याच्या कुंपणापाशी संपतो, मग सगळी वाहनं वळून परत मेन रोडला. मेसेजमध्ये यावर एक ओळ नाही, पुलाचं नावसुद्धा नाही, म्हणून मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

बांधकाम थांबवून काय होतं ते याच भागाने थोडंफार पाहिलेलंही आहे. 2016 मध्ये पाण्याच्या टंचाईवरून हायकोर्टाने बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. ते पाण्यासाठी होते आणि योग्यच होते, टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण त्या काळात इथं राहणाऱ्यांनी आठवून सांगावं, बाणेर रोड मोकळा झाला होता का?

'आधी रस्ते रुंद करा, मग घरं.' हे वाक्य सगळ्यांना पटतं. जिथं रस्ताच नाही तिथं रस्ता हवा याबद्दल माझा काहीच वाद नाही, वर तेच म्हणालो. सूस, म्हाळुंगे वगैरे 23 गावं जून 2021 मध्ये महापालिकेत आली तेव्हा तिथं टॉवर आधीच उभे होते आणि रस्ते गाडीवाटेचे होते, हा अन्याय तिथल्या लोकांवर झालाच. पण आहे तो मेन रोड रुंद करत जायचं हे औषध पुण्याने अनेकदा घेऊन पाहिलंय. नगर रोडवर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन होती, 2023 मध्ये ती गाड्यांना जागा हवी म्हणून काढून टाकली. देशातली पहिली बीआरटी याच शहराने डिसेंबर 2006 मध्ये सुरू केली होती आणि याच शहराने ती तुकड्यातुकड्याने मोडली. एका बसमध्ये साठ माणसं सहज जातात, तीच साठ माणसं कारने निघाली तर चाळीसेक गाड्या होतात, कारण बहुतेक कारमध्ये एक नाहीतर दोघंच असतात. जागा बसची काढून कारला दिली की गर्दी कमी कशी होईल, मला खरंच कुणीतरी समजावून सांगा.

आणि बसची स्थिती काय आहे? 2011 च्या जनगणनेतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या 48 लाखांच्या वर होती, आता कितीतरी जास्त आहे, आणि पीएमपीच्या बस दोन हजारांच्या आसपास, त्यातल्या काही रोज ब्रेकडाउन. बालेवाडीतून पुणे स्टेशनला जायला बस कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून माणूस कर्ज काढून टू-व्हीलर घेतो. 2018 मध्येच बातम्या आल्या होत्या की पुण्यात नोंदलेल्या गाड्यांची संख्या माणसांच्या पुढे गेली. आपण बिल्डिंगा मोजतोय, मोजायला हव्यात बस.

पार्किंगचा मुद्दा तर मेसेजने स्वतःच्याच विरोधात टाकलाय. एकीकडे म्हणायचं गाड्या फार झाल्या, दुसरीकडे म्हणायचं प्रत्येक फ्लॅटला दोन पार्किंग सक्तीची करा. पार्किंगचा प्रत्येक मजला बांधायला पैसे लागतात, ते फ्लॅटच्या किमतीत येतात, आणि एकदा दुसरी जागा विकत घेतली की तिथं दुसरी गाडी येतेच. ज्या शाळेतल्या बाईंकडे किंवा नर्सकडे कारच नाही तिनेही त्या जागेचे पैसे का भरायचे? रस्त्यावरचं फुकट पार्किंग मात्र कुणाला दिसत नाही. बालेवाडी हाय स्ट्रीटच्या आसपास संध्याकाळी एक चक्कर मारा, एक पूर्ण लेन उभ्या गाड्यांनी खाल्लेली असते, कधी कधी डबल पार्किंग. मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाला म्हणून दर कमी करून आणि मोजक्या रस्त्यांपुरतं, तरी ते कागदावरच राहिलं. नवीन टॉवर उठायला चार-पाच वर्षं लागतात, ती लेन उद्या मोकळी करता येते.

आता 'बाहेरचे लोक' हा मुद्दा. हा वाचून मला वाईट वाटलं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. बाणेर, बालेवाडी महापालिकेत आली 1997 मध्ये. आज सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यानंतरचे, कुणी सातारचे, कुणी नागपूरचे, कुणी जळगावचे, कुणी इंदूरचे, मीसुद्धा त्यातलाच. आपल्या बिल्डिंगच्या जागीही कुणाचा तरी ज्वारीचा पट्टा होता आणि तेव्हाच्या गावकऱ्यांना आपल्याच गाड्यांचा त्रास झाला असेल, पण त्यांनी आपल्याला वेशीवर अडवलं नाही. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, गेटवरचे दादा, सकाळी रस्ता झाडणारे कामगार, यांना बाणेरमध्ये घर परवडतं का? घरं कमी बांधली की उरलेली आणखी महाग होतात, मग ही माणसं आणखी लांब फेकली जातात. ज्यांची घरं घेऊन झालीत त्यांचे रेट वाढतात हेही खरं, आणि ते कारण कुणाच्या मनात असेल तर निदान ट्रॅफिकच्या नावाखाली ते मांडू नये.

राहिली मेट्रो. मेसेज म्हणतो मेट्रो आली की बिल्डर अजून उंच बांधतील म्हणून विरोध करा. अहो, हिंजवडी-शिवाजीनगर लाइन 23 किलोमीटरची, 23 स्टेशनं, बालेवाडी स्टेडियमवरून बाणेर, सकाळनगर करत विद्यापीठाकडे जाते, मार्च 2025 ची मुदत हुकली आणि त्या उशिराचा जाब विचारायलाच हवा. पण स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर माणसं राहायला नकोत तर ती लाइन कुणासाठी बांधली? राज्याच्या बांधकाम नियमावलीत स्टेशनभोवती 500 मीटरमध्ये 4 पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) दिलाय तो यासाठीच, की माणूस चालत स्टेशनला जावा. शिवाय पुण्यात नवीन घर घेणारा प्रत्येक जण स्टॅम्प ड्युटीसोबत 1 टक्का मेट्रो सेस भरतो. मेट्रोचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे आणि स्टेशनशेजारी त्याला राहू द्यायचं नाही, हे मला न्याय्य वाटत नाही. आपण भांडायचं ते स्टेशनपर्यंतच्या फुटपाथसाठी, कारण आज बाणेर रोडवर म्हाताऱ्या माणसाला पाचशे मीटर सलग चालता येत नाही, मधे विजेचा डीपी बॉक्स, मग टू-व्हीलर, मग फुटपाथच गायब.

मेसेजमधलं एक मात्र शंभर टक्के खरं आहे, बांधकामाच्या गाड्यांचा त्रास. तयार काँक्रीट (आरएमसी) आणणारे मिक्सर, डंपर सकाळी शाळेच्या वेळेत अरुंद रस्त्यावर, रस्त्यावर सांडलेलं काँक्रीट, खणून तसाच सोडलेला खड्डा, हे सहन करण्याची काहीच गरज नाही, यात मुलांचे जीव धोक्यात आहेत. याला इलाज आहे. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, ती अटींसह असते, केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर कुणालाही बघता येते, आणि बिल्डरला दर सहा महिन्यांनी त्या अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो उघडून वाचा आणि अट मोडलेली दिसली की फोटो जोडून तक्रार करा.

म्हणून मी वेगळं पत्र तयार केलंय, महापालिका आयुक्त, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि वाहतूक पोलीस तिघांच्या नावे. त्यात मागण्या अशा आहेत: बालेवाडी-वाकड पुलाच्या जोडरस्त्याची जमीन कधी ताब्यात येणार त्याची लेखी तारीख, आपल्या भागातल्या मिसिंग लिंकची यादी आणि प्रत्येकीचं अडलेलं कारण, मिक्सर-डंपरना सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ बंदी, हाय स्ट्रीटच्या बाजूला पैसे देऊन पार्किंग, बालेवाडीतून पुणे स्टेशन आणि हिंजवडी दोन्हीकडे दर दहा मिनिटांनी पीएमपी, आणि प्रत्येक मेट्रो स्टेशनभोवती सलग फुटपाथ. सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवलंय. ज्यांनी तो मेसेज फॉरवर्ड केलाय त्यांनीही येऊन वाचावं, काही सुटलं असेल तर पेनाने खाली लिहावं, रविवारी संध्याकाळपर्यंत तिथं आहे, सोमवारी वॉर्ड ऑफिसला देऊन पोच घेणार आहोत.