प्रतिक्रियेला उत्तर : काजूचा घाणा आणि नोंदवही

'मालवणी माणूस' या नावाने प्रतिक्रिया देणाऱ्या वाचकांस,

सप्रेम नमस्कार. छोट्या उद्योगातले कामाचे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात अडकून राहू नये आणि त्यासाठी हंगामभर साधी नोंदवही ठेवावी, असे मी गेल्या लेखात काजू कारखान्यांच्या निमित्ताने सुचवले होते. त्यावर आपण चार आक्षेप घेतलेत. त्यातल्या पहिल्याच वाक्यात आपला सगळा सूर उतरला आहे : "ज्यांनी बॉयलरची धग कधी सोसली नाही, त्यांनी कामगाराच्या हातातली विद्या वहीत उतरवण्याचे सल्ले देऊ नयेत."

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु लेखात काय म्हटले आहे ते तपासायचे सोडून लिहिणाऱ्याची लायकी काढणे याला मी टीका म्हणत नाही, आणि टोपणनावाच्या आडून ती काढणे तर मुळीच शोभत नाही. धगीचे विचारलेच आहे, तर सांगतो. वेंगुर्ले तालुक्यात माझ्या वडिलांचा काजूचा लहान कारखाना होता. मे महिन्याच्या सुटीत पोती उतरवण्यापासून टरफलांच्या राशी हलवण्यापर्यंत सगळी कामे मी केली आहेत, आणि टरफलातले तेल लागले की बोटांची कातडी कशी सोलून निघते, हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

बी वाफवण्याचे काम आमच्याकडे एकच गृहस्थ करीत. मूठभर बी हातात खुळखुळवायची, एखादी फोडून पाहायची आणि घाण्याला, म्हणजे एका वेळी वाफवायच्या मालाला, किती वेळ वाफ द्यायची ते ठरवायचे, अशी त्यांची रीत होती. वेंगुर्ला-७ या जातीची बी सरासरी १० ग्रॅमची, वेंगुर्ला-४ ची पावणेआठच्या आसपास, तर गावठी त्याहूनही बारीक. हा सगळा माल एकाच घाण्यात गेला, तर बारकी बी जास्त शिजून गर काळवंडतो आणि जाड बीचे टरफल नीट सुटत नाही. त्यात माल दमट असेल किंवा वाफवलेली बी पुरती निवण्याआधीच कटिंगला, म्हणजे टरफल फोडून गर काढायला, घेतली असेल, तर गर तुटलाच म्हणून समजा. हे सारे त्या गृहस्थांना ठाऊक होते आणि इतर कोणालाही नव्हते. एका वर्षी गणपतीनंतर ते मुलाकडे मुंबईला गेले आणि तिकडचेच झाले. पुढच्या हंगामात अख्खा गर घटला, पाकळी (दुभंगलेला गर) आणि कणी (बारीक तुकडे) वाढली, आणि बोलणी मात्र कटिंगवाल्या बायकांनी खाल्ली. एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात तेव्हा 'डब्ल्यू ३२०' ही प्रत मिळते. दुभंगलेल्या गराला त्या भावाने कोणीही विचारत नाही. त्या वर्षी वडिलांचा हिशेब कसा बसला, ते इथे सांगत नाही.

म्हणून मी वहीचा आग्रह धरतो. 'हातातली विद्या वहीत उतरवा' असे वाक्य माझ्या लेखात कुठेही नाही. ते आपण माझ्या तोंडी घातले आहे. माल कुठला, कधी घेतलेला, कितपत वाळलेला, वाफ किती वेळ दिली, किती तास निववला आणि शेवटी अख्खा किती व पाकळी किती उतरली, एवढेच मी लिहायला सांगितले होते. खुळखुळण्याचा आवाज कागदावर येणार नाही, हे मलाही कळते. परंतु तो आवाज ऐकून त्या दिवशी वेळ का वाढवली, हे येऊ शकते, आणि नवख्या माणसाला निदान कोणत्या दिवशी कान द्यायचा हे तरी समजते.

माझ्या लेखातल्या ज्या जपानी उदाहरणाची आपण 'पावाच्या गोष्टी' म्हणून टर उडवलीत, ते खरे तर आपल्याच बाजूचे आहे. मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) कंपनीच्या घरगुती पाव-यंत्रात पीठ नीट मळले जाईना, तेव्हा ते यंत्र घडवणाऱ्या चमूतल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे काम शिकायला गेल्या. पीठ ताणताना त्याला पीळ देण्याची त्याची लकब त्यांनी शेजारी राहून हेरली. ती लकब साधण्यासाठी यंत्राच्या भांड्यात आतून कंगोरे बसवले गेले आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले. आधी शेजारी उभे राहून शिकणे आणि मग नोंद, हाच क्रम मी सांगितला होता. वाचला असता, तर दिसला असता.

आता उरलेले. १ एप्रिल २०२५ पासूनच्या निकषांप्रमाणे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेले उद्योग 'सूक्ष्म' ठरतात, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक काजू कारखान्यांना मी 'लघुउद्योग' म्हणणे सैल होते, हा आपला मुद्दा मान्य. सॉफ्टवेअर छोट्यांना परवडत नाही, हेही खरेच. परंतु सॉफ्टवेअरचा उल्लेख माझ्या लेखात नाही, मी शंभर पानी वहीबद्दल लिहिले होते. आणि नोंद झाली की मालक जुन्या माणसाला घरी बसवील, ही आपली शंका मालकाच्या दानतीविषयी आहे, वहीविषयी नाही. आमच्याकडे तसे कधी घडले नाही. इतरांच्या वतीने मी बोलू शकत नाही.

वहीच्या पानाचा नमुना काही वाचकांनी मागितला आहे, तो येत्या आठवड्यात इथे देईन. आपल्यालाही तो वापरून पाहता येईल. त्यात काय चुकते ते हंगाम संपल्यावर जरूर कळवावे, शक्य झाल्यास स्वतःच्या नावाने.