स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नका

पुण्यातल्या बाईकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: मागच्या चाकाची स्प्लिट पिन (कॉटर पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून बोल्टच्या भोकातून घालून पाय वाकवायची दोन पायांची पिन) पक्कडीने सरळ करून परत बसवा, नाहीतर बाइंडिंग तार चालते. हे चूक आहे, धोक्याचंही आहे.

पिन मऊ पोलादाची असते. वाकली की त्या जागी ती कडक होते आणि पुन्हा वाकवताना तिथेच चिरते. तार भोकात सैल राहते, थरथरीने झिजून तुटते.

पिन नट आवळत नाही, फक्त फिरू देत नाही. म्हणून आधी टॉर्क (नट ठरलेल्या जोराने आवळणं), मग पिन. बोल्टचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. सहा खाचांच्या नटात ते जास्तीत जास्त ६० अंश. टॉर्कची मर्यादा ओलांडत असेल तर वॉशर बदला. अपवाद टेपर बेअरिंगच्या (निमुळत्या रोलरच्या) हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा. तिथे नट थोडा मागेच घ्यायचा, नाहीतर बेअरिंग तापून जळतं.

३.२ मिमी भोकाला ३.२ मिमीचीच पिन घ्या. नाना पेठेत किरकोळ पैशांत मिळते. डोकं खाचेत पूर्ण बसवा, एक पाय बोल्टच्या टोकावर वाकवा, दुसरा कापून नटालगत दाबा. टोक बाहेर राहिलं तर साडी, ओढणी अडकते.