दुकानाकडून उत्तर: 'एनएएस स्लो, प्रोसेसर भंगार'

नमस्कार सर. स्टार एकच दिलात, हरकत नाही. पण तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत: लॅपटॉपवरून एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या बॉक्सवर, कॉपी सेकंदाला ३५ एमबीच्या वर जात नाही, आणि टीव्हीवर ४के पिक्चर अडकतो. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'सीपीयू तर २७ टक्केच दाखवतो, म्हणजे मशीनच खराब.'

खरी मेख त्या २७ टक्क्यांतच आहे. बॉक्समध्ये ४ कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणारे ४ भाग), १.४ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आहे आणि रिसोर्स मॉनिटर चारही कोअरची सरासरी दाखवतो. सांबा (लॅपटॉपशी फाइलची देवाणघेवाण करणारा बॉक्समधला प्रोग्रॅम) एका लॅपटॉपचं बहुतेक काम एकाच प्रोसेसमध्ये करतो. तो कोअर पूर्ण भरला, बाकीचे तिघे रिकामे, की सरासरी २५ च्या आसपासच दिसणार. एसएसएचने (लॅपटॉपवरून बॉक्सला कमांड द्यायची सोय) आत जाऊन 'टॉप' ही कमांड चालवा आणि १ दाबा, कोअरनिहाय आकडे दिसतील.

फोल्डर एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) आहे हे तुम्हीच लिहिलंय. त्यात विंडोज ११ प्रो २४एच२ पासून एसएमबी साइनिंग (नेटवर्कवरून जाणाऱ्या फाइलच्या प्रत्येक तुकड्यावर खात्रीची सही) डिफॉल्टनेच सक्तीचं आहे. हा सगळा हिशेब एकट्या कोअरच्या माथी येतो. साइनिंग मात्र बंद करू नका, ते सुरक्षेसाठी आहे.

खात्री करायची तर १० जीबीची एकच फाइल, लॅन केबल लावून, साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करा. स्पीड ९० ते ११० एमबीपर्यंत चढला, तर डिस्क आणि स्विच ठणठणीत आहेत, अडचण एन्क्रिप्शनची. बरोबर ११ वर अडकला, तर केबल बघा: ८ पैकी एखादी तार तुटली की लिंक १०० मेगाबिटवर उतरू शकते. लग्नाच्या हजारो जेपीजींवर टेस्ट करू नका. दर फाइलला उघड-बंद असते, चांगल्या मशीनवरही आकडा पडतो. नवीन फोटो टाकल्यावर थंबनेल बनत असतात, तेवढं संपू द्या. रॅम वाढवून यात काही फरक पडणार नाही, उगाच खर्च नको.

टीव्हीचं वेगळं. ४के फाइल आहे तशी पाठवायला प्रोसेसरला जेमतेम काम पडतं. टीव्हीला तो फॉरमॅट चालत नसेल, किंवा पीजीएस (चित्राच्या रूपातली) सबटायटल चालू असतील, तर सर्व्हर अख्खं चित्र नव्याने एन्कोड करतो, यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. ते या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेर आहे. अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ओरिजिनल' ठेवा, सबटायटल एसआरटी (साध्या मजकुराची) वापरा.

दोन माणसांच्या फोटो बॅकअपला हे मॉडेल पुरतं. एन्क्रिप्शन आणि ट्रान्सकोडिंग दोन्ही रोज हवं असेल, तर क्विक सिंकवाला (व्हिडिओ एन्कोड करायचा वेगळा भाग असलेला) इंटेल प्रोसेसर लागेल, आणि या बॉक्सचा प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेला असल्याने बदलता येत नाही. बॉक्स आणि तीच केबल घेऊन दुकानात या, टेस्ट तुमच्यासमोर करू. मॉडेल बदलायचं ठरलं तर फरकाची रक्कम घेऊन बदलून देऊ. फक्त येण्याआधी डेटाचा वेगळा बॅकअप घ्या.