शेपटीचे वजन

शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’ या सदराखाली मुलांकडून, म्हणजे अर्थातच पालकांकडून, डायनोसॉरची प्रतिकृती मागवली. वर्गातील इतर मुलांनी चार पायांवर मुकाट उभे राहणारे शाकाहारी प्राणी निवडले आणि आमच्या कन्येने टायरॅनोसॉरस रेक्स निवडला.

दोन पायांवर उभ्या असलेल्या प्राण्याचे डोके जड असले, की तो पुठ्ठ्याचा असो वा हाडामांसाचा, तोंडावर आपटायला बघतो. आमचा तर लगदा वाळण्याआधीच टेबलावर नाक घासू लागला. शेपूट जमिनीला टेकवून आधार द्यावा, असे मी सुचवले. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ने १९१५ मध्ये आपला सांगाडा असाच ताठ, शेपूट टेकवून उभा केला होता आणि तो बदलायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तिथे जे पाऊणशे वर्षे खपले, ते आमच्या घरी पाऊण मिनिटही खपले नाही. “बाबा, पाठ आडवी असते. शेपूट हवेत!”

मग शेपटीत खिळे, नटबोल्ट आणि एक निकामी कुलूप कोंबले. निसर्गाने तिथे स्नायू भरले होते. त्यांतला एक दणकट स्नायू थेट मांडीच्या हाडाला जोडलेला असून तो चालताना पाय मागे खेचत असे, त्यामुळे ती शेपूट तोलही सांभाळे आणि इंजिनाचेही काम करी. आमच्या कुलपाला दुसरे काम जमणारे नव्हते, पण पहिलेही जमेना. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘स्यू’ या बारा मीटरहून लांब सांगाड्यावरही खरी कवटी फार जड म्हणून तिची नक्कल बसवली आहे आणि खरी कवटी वेगळी मांडली आहे, हे वाचून मला जो धीर आला तो शब्दांत सांगता येणार नाही. डोके वेगळ्या खोक्यात पाठवण्याचा माझा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला.

हातांचा तंटा वेगळाच. जेमतेम मीटरभर लांब, दोन बोटांचे आणि तोंडापर्यंत न पोहोचणारे ते हात. त्यांचे तळवेही जमिनीकडे नव्हे, तर आरतीला टाळ्या वाजवायला उभे राहिल्यासारखे समोरासमोर हवेत. ते नेमके कशासाठी होते यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. माझ्या मते, मुळासकट तीस सेंटिमीटरपर्यंत भरणारे दात आणि हाडे फोडणारा जबडा पोसायचा, तर घरात कुठेतरी काटकसर करावीच लागते. ऐन वाढीच्या वयात हा प्राणी रोज सुमारे दोन किलोंनी वाढे आणि तिशीच्या आसपास आटोपे, त्यामुळे हातांकडे लक्ष द्यायला त्याला सवड तरी कधी मिळाली असेल?

अखेर डोके आतून पोकळ केल्यावर तोल साधला. खऱ्या कवटीतही वजन कमी करणाऱ्या मोठमोठ्या पोकळ्या असतातच, असे मी शास्त्रोक्त समर्थन केले. तेवढ्यात नवी मागणी आली. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात टी-रेक्सची मानली जाणारी ४४ सेंटिमीटर लांबीची अश्मीभूत विष्ठा सापडली असून तिच्यात भक्ष्याच्या हाडांचे तुकडे आहेत; तेव्हा मापात बसणारी तशी एक प्रतिकृतीशेजारी हवीच.

उरलेल्या लगद्यातून तेवढी एक वस्तू मात्र विनासायास हुबेहूब उतरली.